बफीला बालविभागातून हलवा, वाचनालयातून नको

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथनिवड समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहितोय, पण वाचनालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. कोल्हापूर काही एवढं मोठं गाव नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी हे पत्र आपापल्या वाचनालयाला लागू पडतं का ते बघावं.

विषय आहे देणगीत आलेल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर : सीझन एट' या इंग्रजी चित्रकथेचे आठ खंड, आणि ते निर्लेखित करावेत, म्हणजे संग्रहातून कायमचे काढून टाकावेत, असा वार्षिक सभेत आलेला प्रस्ताव.

झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एका सभासदाच्या घरून हा संच आला, दाखल रजिस्टरला चढला, आणि आत चित्रं दिसली म्हणून थेट बालविभागात गेला. चांदोबाचे बांधीव अंक आणि अमर चित्र कथा यांच्या शेजारी. मग सहावीतल्या एका मुलाच्या आईने सातवा खंड मधूनच उघडला आणि तसाच उघडा काउंटरवर आणून ठेवला. त्या बाईंची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. सहावीतल्या पोराच्या हाती सातवा खंड पडायला नको होता.

पण त्यानंतर सभेत जे बोललं गेलं त्यावर माझं म्हणणं आहे. एकजण म्हणाले, भुताखेतांचं आणि अश्लील आहे. दुसऱ्यांनी जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढलं. (२०१३ चा तो कायदा जिवंत माणसाला लुबाडणाऱ्या भोंदूंसाठी आहे. गोष्टीतल्या पिशाच्चांवर गुन्हा दाखल करायची त्यात सोय नाही.) तिसऱ्यांनी विषयच मिटवला, "तसंही कॉमिकच आहे की, जाऊ दे." आत घेताना हे खंड कुणी वाचले नव्हते आणि बाहेर काढतानाही कुणी वाचत नाहीये. मी आठही वाचलेत, मालिकाही पाहिली आहे. तेव्हा सही करण्याआधी एका आजीव सभासदाचं परीक्षण ऐकून घ्या. गोष्टीतली काही रहस्यं फुटतील, त्याला इलाज नाही.

आधी हे काय आहे ते सांगतो. 'बफी' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वं चालली, एकूण १४४ भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, नरकाच्या तोंडावरच बांधलेलं तिथलं हायस्कूल, आणि त्या शाळेत नव्याने आलेली बफी समर्स. दर पिढीत एका मुलीला पिशाच्चांशी लढायची ताकद मिळते, या पिढीत ती हिच्या वाट्याला आली आहे. दिवसा वर्ग आणि परीक्षा, रात्री टोकदार लाकडी खुंटी घेऊन कबरस्तानात गस्त. मालिकेतले राक्षस बहुतेक वेळा वयात येणाऱ्या पोरांच्या खऱ्याखुऱ्या दुखण्यांतूनच जन्मलेले असतात. प्रेमात पडलेला मुलगा एका रात्रीनंतर ओळखसुद्धा दाखवत नाही, हे दुःख पुष्कळ मुलींना ठाऊक असेल. तिथे ते शापाने होतं. त्या रात्रीनंतर त्या मुलाचा आत्माच हरवतो आणि तो खरोखर सैतान होतो. ही मालिका टिकली ती यामुळे, मारामाऱ्यांमुळे नव्हे.

शेवटच्या भागात बफीची मैत्रीण विलो मंत्र घालते आणि एका मुलीपुरती असलेली ताकद जगभरातल्या सगळ्या संभाव्य मुलींमध्ये जागी होते. सनीडेल खचून त्याचा खड्डा होतो. मालिका संपते. चार वर्षांनी, मार्च २००७ मध्ये, डार्क हॉर्स कॉमिक्सने पुढची गोष्ट कागदावर सुरू केली. मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन स्वतः सूत्रधार, बरेचसे अंक त्याने स्वतः लिहिलेले, आणि नावच 'सीझन एट'. एरवी मालिकेची चलती असताना तिच्या नावावर चार पैसे काढायला पुस्तकं निघतात, तशातलं हे नाही. कर्त्याने स्वतः पुढे नेलेलं हे आठवं पर्व आहे. जानेवारी २०११ पर्यंत ४० अंक निघाले. पाच अंकांचा एक खंड, म्हणून आपल्याकडचे आठ. २००८ मध्ये याला सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला आणि चित्रकथांच्या दुनियेत त्या पुरस्काराला वजन आहे.

आता 'भुताखेतांचं' या आक्षेपाबद्दल. राक्षस आणि त्याला मारणारी पोर, या जोडीचं कोल्हापूरकरांना वावडं कधीपासून झालं? कोल्हासुराने मरताना देवीकडे मागून घेतलं म्हणून या गावाला त्याचं नाव, ही कथा आपण पाहुण्यांना किती हौसेने सांगतो. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथे एक कुमारिका त्रिशूळाने कोहळा फोडते, आणि तो कोहळा म्हणजे राक्षस. मग त्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते ती उडते. सभेत 'भुताखेतांचं' म्हणणाऱ्यांपैकी निदान एका सद्गृहस्थांना मी त्या झुंबडीत पाहिलेलं आहे. नाव सांगत नाही. आणि लहानपणी चांदोबात प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून चालणारा विक्रमराजा आपण सगळ्यांनी वाचलाय. त्याने आपलं काय बिघडलं?

टेंबलाईचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या खंडापासूनच सुरुवात करू. कथा आपल्याला पाठ आहे. त्र्यंबोलीने, म्हणजे टेंबलाईनेच, राक्षसाच्या तावडीतून देवांना सोडवलं, आणि विजयाच्या सोहळ्याला नेमकं तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, म्हणून अंबाबाईच तिच्या भेटीला जाते. बफीच्या गोष्टीतली अशी रुसलेली दुसरी म्हणजे फेथ. ताकद तेवढीच, पण कौतुक कायम पहिलीचं. मालिकेत ती भरकटली, माणूस मारून बसली, तुरुंगातही गेली. दुसऱ्या खंडातले पहिले चार अंक ब्रायन के. वॉनने लिहिलेत आणि ते पूर्णपणे फेथचे आहेत. बफीचा गुरू जाइल्स तिच्याकडे एक घाणेरडं काम घेऊन येतो. इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्यातल्या जेनेव्हीव्ह नावाच्या मुलीला हीच ताकद मिळाली आहे आणि ती बफीच्या जिवावर उठली आहे, तिला संपवायचं. हे काम बफीला सांगता येत नाही, कारण बफीचे हात स्वच्छ राहायला हवेत. मग फेथला खानदानी चालणं-बोलणं शिकवतात, गाऊन चढवतात आणि मेजवानीला धाडतात. तिथे जिला मारायचं तिच्याशीच तिचं सूत जुळतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला बफीशी न ताडता बघतंय. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण समजूत काढायला कुणी टेकडी चढून येत नाही, एवढं सांगतो. आठ खंडांतला एकच घरी न्यायचा असेल तर हा न्या.

पहिला खंड गर्दीचा आहे. स्कॉटलंडमधला किल्ला, मुलींची पथकं, बफीचा मित्र झँडर एक डोळा गमावून नियंत्रणकक्षात बसलेला, आणि मागे लागलेलं अमेरिकन लष्कर. मालिका न पाहिलेल्याला निम्मी माणसं कोण आहेत हेच कळणार नाही आणि पुस्तक ते सांगायचे कष्टही घेत नाही. शिवाय जाणकारांना एक ठळक चूक सापडते. सहाव्या पर्वात विलोने जिवंत सोललेला खलनायक वॉरन इथे कातडीविना जिवंत निघतो. पण सातव्या पर्वातला मूळ सैतान फक्त मेलेल्यांचीच रूपं घेऊ शकतो आणि त्याने वॉरनचं रूप घेतलेलं आपण पडद्यावर पाहिलेलं आहे. मग हा जिवंत कसा? मालिकेचा बाप स्वतः लिहितोय तरी हे निसटलं. नंतर थोडी सारवासारव झाली, ती झाली.

तरीही पहिला खंड टाकू नका, आणि ते त्यातल्या शेवटच्या, पाचव्या अंकासाठी. व्हेडनची कथा, पॉल लीची चित्रं. बफीच्या शत्रूंना चकवायला तिच्या नावाने दोन मुली पेरलेल्या असतात, त्यातली एक जमिनीखालच्या राक्षसांच्या जगात. ही तिची गोष्ट, आणि सांगणारी ती स्वतः, मेलेली. शाळकरी मुलगी, अचानक ताकद आली, शिकली, पाठवली तिकडे गेली. खाली जाऊन तिथल्या दुबळ्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या जीवांना तिने उभं केलं, आणि मेली ती बफी म्हणून. तिचं खरं नाव शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. बफीलाही ती कधी भेटलेली नाही. वीस-बावीस पानांत एवढं. दूरचित्रवाणीवर हे झालं नसतं, तिथे प्रेक्षक बफीची भूमिका करणारी नटी बघायला बसलेला असतो, एक अख्खा भाग बिननावाच्या पोरीला कोण देणार? मालिकेची चित्रकथा करायचीच तर ती अशासाठी करावी, असं मला हा अंक वाचताना वाटलं. मालिकेला जी माणसं परवडत नव्हती त्यांच्यासाठी.

आणि इथेच या पर्वाचं दुखणंही आहे. मालिकेला पैशांची मर्यादा होती. राक्षस दाखवायचा तर रबराचा मुखवटा, म्हणून तो कमी दाखवायचा आणि उरलेला वेळ चार माणसं एका खोलीत भांडताना दाखवायची. ती भांडणंच आपण बघत होतो. कागदावर काय, चहाचा कप काढायला जेवढी शाई लागते तेवढ्याच शाईत राक्षसांची फौज निघते. मग हात सुटतो. बफीची बहीण डॉन पहिल्याच अंकात राक्षसिणीएवढी उंच झालेली आहे, पुढे तिचं धड घोड्याचं होतं, मग ती बाहुली होते. तिसऱ्या खंडात ही महाकाय डॉन टोकियोच्या रस्त्यावर स्वतःच्याच यांत्रिक प्रतिकृतीशी झोंबते. तिथपर्यंत मजा आहे, लेखक ड्रू गोडार्डला विनोद जमतो, ड्रॅक्युलाही झकास काढलाय. सहाव्या खंडात सगळे तिबेटात जाऊन जादू सोडून द्यायचा प्रयत्न करतात. कल्पना चांगली, सुरुवात शांत, आणि मग तीन उग्र देवी जमिनीतून उठतात आणि मित्र-शत्रू न बघता सगळ्यांना तुडवत सुटतात. देवीच्या गावात राहणाऱ्याला ते बघताना खटकतं. देवी उग्र आहे म्हणून नव्हे, उग्र देवी आपल्याला नवी नाही. तिला उठवायचं कारण, तिचा राग, तिची मागणी यातलं काहीच लेखिकेने दिलेलं नाही. नुसता बुलडोझर.

सातवा खंड म्हणजे ज्याच्यामुळे हा सगळा बोभाटा झाला तो. या पर्वात मुखवटा घालून वावरणारा खलनायक बफीचा जुना प्रियकर एंजल निघतो, दोघांना अचाट शक्ती येते आणि ते आकाशात उडत प्रणय करतात. थोडाथोडका नव्हे, जवळजवळ अख्खा अंक. खाली डोंगर हादरताहेत, बाकीची पात्रं वर बघून अवघडलीत, आणि या मीलनातून एक नवं विश्वच जन्माला येतं. त्या आईंना ते अश्लील वाटलं. मला ते त्याहून वाईट, हास्यास्पद वाटलं. आठव्यात एक फार जुनं आणि लाडकं माणूस मरतं, जादूचा उगमच फुटतो आणि जगातून जादू नाहीशी होते. शेवटच्या अंकात व्हेडनने वाचकांना पत्र लिहून मोकळेपणाने सांगितलं, की खर्चाची मर्यादा नाही या आनंदात आपण गोष्ट फुगवत नेली, खरी गोडी या माणसांतच होती, आणि पुढचं पर्व जमिनीवर असेल. नववं पर्व त्याप्रमाणे आटोपशीर निघालं, २५ अंकांत संपलं. ते आपल्याकडे नाही. असायला हवं होतं.

चौथ्या खंडाबद्दल विशेष काही नाही. बफी भविष्यात जाते आणि व्हेडनच्याच दुसऱ्या चित्रकथेतल्या फ्रे या नायिकेला भेटते. फ्रे ठाऊक नसेल तर ताटात पदार्थ कुणाचा वाढलाय ते कळत नाही.

पाचवा मात्र आजच्या पोरांनी वाचावा. हार्मनी नावाची एक बावळट पिशाच्चीण असते, तिला टीव्हीवर रिॲलिटी शो मिळतो. ती गोड आहे, कपडे छान घालते, माणसाचं रक्त पिते पण कॅमेऱ्याकडे बघून हसते. लोक तिच्यावर फिदा होतात. बघता बघता पिशाच्चं लाडकी आणि त्यांना मारणाऱ्या मुली गुंड ठरतात. जेन एस्पेन्सनने हे २००९ च्या सुमारास लिहिलंय. आपल्या चौकाचौकांत ज्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात त्यांची आणि त्यांच्या रील्सखालच्या बदामांची आठवण मला झाली, तर दोष माझा नाही.

चित्रांबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण माझा जन्म ब्रश धरण्यात गेला. डिजिटल प्रिंट येण्याआधी बोर्ड आणि बॅनर रंगवून पोट भरलेल्यांपैकी मी एक. ओळखीचा नट रंगवायचा तर फोटोवर चौकोन आखून हुबेहूब उतरवता येतो, पण मग तो मेल्यासारखा दिसतो. भुवई, जबडा, उभं राहण्याची ढब एवढं पकडलं की रस्त्याच्या पलीकडूनही माणूस ओळखतो. जॉर्ज जाँटीने आतली बहुतेक पानं या दुसऱ्या रीतीने काढलीत. नट दिसतात, पण ते पात्र म्हणून हलतात, चिडतात, तोंड वाकडं करतात. गर्दीच्या चौकटींत मात्र त्याचे मुलींचे चेहरे एकसारखे होतात, कोण कुठली ते केसांवरून ओळखावं लागतं. मुखपृष्ठं जो चेनची. ती इतकी गुळगुळीत आणि जिवंत रंगवलेली आहेत की ती बघून पुस्तक उचलणाऱ्याची आत गेल्यावर थोडी निराशा होते. आपल्या दळवीज आणि कलानिकेतन या कलाशाळांतल्या पोरांनी ही दोन्ही कामं शेजारी ठेवून बघावीत असं मला मनापासून वाटतं. बाबूराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं जिथे स्वतः रंगवली त्या शहरात चित्र म्हणजे पोरखेळ, हे समितीने कुठून शोधून काढलं? सभेत 'कॉमिकच आहे की' म्हणणाऱ्यांना माझा हा एकच प्रश्न आहे.

एक गोष्ट कुणी उघड बोललं नाही, पण जिन्यात कुजबूज झाली म्हणून लिहितो. तिसऱ्या खंडात बफी सात्सू नावाच्या सहकारी मुलीबरोबर रात्र घालवते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली होती. प्रसंग विनोदी अंगाने लिहिलाय. सकाळी एकेक करून सगळा गोतावळा खोलीत येऊन टपकतो आणि दोघी पांघरूण ओढून बसलेल्या. सात्सूचं प्रेम खरं आहे आणि बफीचं तेवढं नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे, आणि ते फार हळुवारपणे हाताळलेलं आहे. प्रौढ वाचकाला यात तक्रार करण्यासारखं काही नाही. याच कारणाने संच काढायचा असेल तर ठरावात तसं स्वच्छ लिहा, म्हणजे आम्हाला नीट उत्तर देता येईल. 'पाने जीर्ण' असं लिहून काढू नका.

मागणी साधी आहे. आठही खंड बालविभागातून आजच हलवा. वरच्या मजल्यावर इंग्रजी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात खालचा कप्पा रिकामाच आहे, तिथे ठेवा आणि अठरा वर्षांवरील सभासदांनाच द्या. सातवा खंड काढलात तर मला वैयक्तिक दुःख होणार नाही, पण मग आठव्यातलं एक अक्षर कळणार नाही, म्हणून संच फोडू नका. यापुढे चित्रं असलेलं पुस्तक देणगीत आलं तर दाखल करताना ग्रंथपाल मॅडमना ते वाचायला चार दिवस द्या. त्या वाचतात, त्यांना विचारत मात्र कुणी नाही. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातली आणि कलाशाळांतली मुलं आपल्याकडे अभ्यासिकेत बसायला येतात आणि एकही पुस्तक न नेता जातात, अशी तक्रार दरवर्षी अहवालात असते. त्यांच्यासाठी प्रौढ चित्रकथांचा एक कप्पा करायला काय हरकत आहे? शासनाच्या अनुदानातून नको, लागली तर मी वर्गणी काढतो.

आणि दुसऱ्या खंडाची मधली पानं चिकटवणीतून सुटली आहेत. फेथ आणि जेनेव्हीव्हच्या शेवटच्या भेटीचीच ती पानं आहेत. कुणाच्या तरी पिशवीतून गहाळ होण्याआधी बाइंडिंगला पाठवा. खर्चाची पावती माझ्या नावाने फाडा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आजीव सभासद, कोल्हापूर